खिल्लार म्हणजे एक बैल नव्हे

गेल्या उन्हाळ्यात आमची हरणी व्याली, पहाटेच्या अंधारात. आई रात्रभर गोठ्यातच बसून होती आणि मी मोबाईलचा टॉर्च धरून उभी होते. वासरू बाहेर आलं, आईनं त्याच्या नाकातोंडातला चिकटा पुसला, शेपूट उचलून बघितलं आणि म्हणाली, "कालवड हाय गं." तिला आनंद झाला होता, पण आवाजात काळजीही होती.

काळजीला कारण होतं. हरणी गाभण असल्यापासून शर्यतीचा नाद असलेली दोन पोरं आमच्या वस्तीवर चकरा मारत होती. पोरं बोलायला गोड. हरणी एका नावाजलेल्या बैलाला लावली होती. खोंड झाला तर दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही, असं त्यांनी अण्णांकडून कबूल करून घेतलं होतं आणि पाच हजारांचा विसार ठेवला होता. सकाळी सातला त्यांचा फोन आला. "काय झालं, काकू?" आई म्हणाली, "कालवड झालीया. दोघीबी चांगल्या हायत." पलीकडं थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग "बरं, बरं" म्हणून फोन बंद. दुपारी येऊन ते विसार परत घेऊन गेले. आईनं चहा टाकला होता, त्यासाठी थांबले नाहीत. गोठ्याकडं मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. त्यांच्या गाडीच्या मागच्या काचेवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: 'खिल्लार, आमचा स्वाभिमान'.

मला त्या काचेवरच्या वाक्याशी भांडायचं आहे.

आमची वस्ती म्हसवडपासून जवळ, माणगंगेच्या काठाला आहे. काठ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं पाणी येईल, पण वर्षातले बरेच महिने इथं नुसती वाळू असते. याच कोरड्या पट्ट्यात, म्हणजे माण, आटपाडी आणि सांगोल्याच्या माळावर खिल्लार जनावर घडलं. पांढरंशुभ्र अंग, मागं वळून वर गेलेली लांब शिंगं, काटक पाय. थोडक्या कडब्यावर राहणारं आणि उन्हात न दमणारं. 'खिल्लार' या शब्दाचा मूळ अर्थच कळप. एका बैलाला खिल्लार म्हणणं म्हणजे एका झाडाला जंगल म्हणण्यासारखं आहे. कळपात गाई असतात, कालवडी असतात, म्हाताऱ्या गाई असतात, वळू एखादाच असतो. आज मात्र इन्स्टाग्राम उघडा आणि 'खिल्लार' शोधा. बैल, बैल आणि बैल. ड्रोननं टिपलेला, गुलालानं माखलेला, मागं डीजेवरचं गाणं. गाय दिसली तर मला स्क्रीनशॉट पाठवा.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगते. शर्यतीनं खिल्लार वाचवली असं तुम्ही म्हणता, पण शर्यतीनं फक्त पळणारा बैल वाचवला आहे, आणि त्याला जन्म देणारी गाय आमच्या डोळ्यांदेखत दावणीवरून नाहीशी होते आहे.

हे वाचून कुणी मला शर्यतविरोधी ठरवायच्या आधी थोडं ऐका. मी शर्यतीच्या घरातली आहे. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं जल्लिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतीही बंद केल्या, तेव्हा मी शाळेत होते. त्या वर्षी अण्णांनी खरसुंडीच्या यात्रेत आमची जोडी विकली. आदल्या वर्षी जी किंमत मागितली गेली होती, तिच्या निम्म्यानंही नाही. पुढच्याच वर्षी, मार्च 2015 मध्ये, राज्यात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हणजे बैल पळवता येत नव्हता, ट्रॅक्टर आल्यामुळं जुंपायला काम नव्हतं, आणि म्हातारा झाला तर विकायला बाजार नव्हता. अशा काळात कोण खोंड वाढवेल? 2017 मध्ये राज्यानं कायद्यात दुरुस्ती केली, ती न्यायालयात अडकली. 16 डिसेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयानं अटींसह परवानगी दिली आणि 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. त्या दिवशी आमच्याकडं फटाके वाजले. मीही पेढा खाल्ला.

शर्यत आली आणि खोंडाला किंमत आली, हे खरं आहे. ते मी नाकारत नाही. पण गाईला काय आलं, हा माझा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर कुठल्याच मैदानात मिळत नाही.

आता आमच्या गोठ्याचा हिशोब बघा. हरणी दोन्ही वेळचं मिळून तीन लिटर दूध देते, तेही वासराला सोडून नव्हे, त्यातलंच वासराचं. शेजारच्या दावणीची एचएफ गाय पंधरा लिटर देते. डेअरीची गाडी रोज सकाळी येते, दहा दिवसांनी बिल होतं, त्या बिलावर पोरांची फी भरली जाते. कुठल्याही शेतकऱ्यानं कुठली गाय ठेवावी? दादा दर उन्हाळ्यात विचारतो, "आई, ही कशाला ठेवलीस?" तो वाईट नाही. कडब्याची पेंडी विकत आणणारा तोच आहे.

म्हणून वैरण संपत आली की सगळ्यात आधी खिल्लार गाय बाजार बघते. शर्यतीचा बैल राहतो, डेअरीची गाय राहते, मधली जाते. आणि यातली एक गोष्ट मला हसावं की रडावं ते कळत नाही. शर्यतीच्या बैलाचा खुराक तुम्हाला माहीत असेल: खारीक, बदाम, उडीद, अंडी आणि दूध. हे दूध कुठून येतं? एचएफ आणि जर्सीच्या गोठ्यातून. खिल्लार बैल परदेशी गाईच्या दुधावर पोसला जातो, आणि त्याची स्वतःची आई परवडत नाही म्हणून सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात उभी असते. वर आपण म्हणायचं, 'स्वाभिमान'.

हे फक्त आमच्या वस्तीचं रडगाणं नाही. 2019 च्या विसाव्या पशुगणनेत देशातली देशी आणि गावठी गुरं आधीच्या, 2012 च्या गणनेपेक्षा सुमारे 6 टक्क्यांनी घटली. संकरित आणि परदेशी गुरं सुमारे 27 टक्क्यांनी वाढली. गोवंशातले नर तर जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले. वारा कुठल्या दिशेनं वाहतोय ते कळायला एवढे आकडे पुरेत.

शर्यतवाले यावर म्हणतात, "अगं, पण रक्त तर टिकतंय ना?" टिकत नाही, अरुंद होतंय. एखादा बैल मोठं मैदान मारतो. मग पंचक्रोशीतली प्रत्येक गाय त्यालाच लावायला नेतात. पुढच्या पिढीत त्याचीच पोरं एकमेकांसमोर पळतात, आणि त्यांच्यातलाच जिंकलेला पुन्हा त्याच्याच नात्यातल्या गाईला लागतो. आपण माणसांची सोयरीक जुळवताना सात पिढ्यांची चौकशी करतो आणि गाईच्या बाबतीत बापाची रील बघून निर्णय घेतो. शिवाय पळणं बापाकडूनच येतं असं कुणी सांगितलं? वासराचं अर्धं रक्त आईचं असतं. मैदानात माईकवर मालकाचं नाव पुकारतात, गावाचं पुकारतात, ड्रायव्हरचं पुकारतात, बैलाचं तर दहा वेळा. ज्या गाईच्या पोटी तो बैल जन्मला तिचं नाव मी आजवर एकदाही ऐकलेलं नाही.

आता जुंपण्याबद्दल आणि सामानाबद्दल बोलते, कारण 'नाद' या शब्दाखाली काय काय खपतं ते सांगायला हवं.

आमच्या जुन्या घराच्या माळवदाखाली आबांचं सामान अजून टांगलेलं आहे. बाभळीचं जू, त्याच्या शिवळा, जुपण्या, दोन कासरे, पितळी शेंब्या, घुंगरमाळा आणि बेंदराला घालायची आरशांची झूल. झूल उंदरांनी कुरतडली आहे, बाकी सगळं शाबूत. आबा खोंडाचे दुधाचे दात पडल्याशिवाय त्याच्या मानेवर जू ठेवत नसत. आधी काही दिवस रिकामं जू. मग मुरलेल्या बैलाशेजारी उभं करायचं. मग नांगरलेल्या मऊ रानात लाकडाचा ओंडका ओढायला लावायचा, आणि गाडी सगळ्यात शेवटी. वेसण मऊ सुताची, आणि नाक बरं होईपर्यंत रोज खोबरेल तेल. चाबूक त्यांच्याकडंही होता, खोटं कशाला सांगू. पण तो गाडीच्या साटीला अडकवलेला असायचा. त्यांचा बैल आवाजावर वळायचा. "कासरा सांगायला असतुया, वडायला न्हाई," असं ते म्हणायचे. तीच जोडी आठवडाभर रानात राबायची, बाजाराला न्यायची, सिद्धनाथाच्या रथाला म्हसवडला आम्हा पोरांना घेऊन जायची आणि यात्रेत एखाद्या दिवशी पळायचीही. पळणं हा त्या जोडीच्या वर्षातला एक दिवस होता.

आता छकडा एवढा हलका असतो की दोन पोरं तो हातानं उचलून टेम्पोत टाकतात. बैल रान बघत नाही, टेम्पो बघतो. आणि 'आदत' नावाची खास मैदानं भरतात. आदत म्हणजे दुधाचे दात अजून तोंडात असलेला खोंड. आबा ज्याच्या मानेवर रिकामं जूसुद्धा ठेवायला तयार झाले नसते, तो आता बक्षिसासाठी जिवाच्या आकांतानं पळतो. राज्याच्या नियमांत काठी, चाबूक, विजेचा धक्का देणारं साधन, सगळ्याला मनाई आहे. कायद्यात 5 लाख रुपयांपर्यंत दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. मैदानात जाऊन बघा, किंवा जायचीही गरज नाही, स्टेटसच बघा. नियम मोडल्याचा पुरावा आपण स्वतः शूट करून, वर गाणं लावून टाकतो.

आणि हरलेल्या खोंडाचं काय होतं? तो स्टेटसवर नसतो. दोन-तीन हंगाम गट पास झाला नाही की त्याचा बदाम बंद होतो, मग अंडी, मग दूध. मग तो ऊसतोडीच्या गाडीला दिसतो किंवा दिसेनासा होतो. तोही खिल्लारच होता.

हे सगळं वाचून पुण्यामुंबईचे प्राणिप्रेमी खूश झाले असतील, तर त्यांच्याशीही मला दोन शब्द बोलायचे आहेत. तुम्हाला बैलाच्या पाठीवरचा वळ दिसतो आणि तो दिसलाच पाहिजे. पण शर्यत बंद करा म्हणताना पुढचं वाक्य तुम्ही कधीच बोलत नाही. बंदीच्या सात वर्षांत किती खिल्लार गाई विकल्या गेल्या, त्यांच्या जागी कुठली गाय आली, याची विचारपूस करायला कुणी माणात आलं नाही. प्राण्यावर होणारी क्रूरता फक्त चाबकाची नसते. ज्या जातीचं काम काढून घेतलं आणि दुसरं काम दिलं नाही, ती जात हळूहळू उपाशी मरते, आणि त्याचा व्हिडिओ निघत नाही.

आणि सरकार? 30 सप्टेंबर 2024 ला राज्य सरकारनं देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' जाहीर केलं आणि गोशाळांमधल्या देशी गाईंसाठी दर गाईमागं दिवसाला 50 रुपये अनुदान मंजूर केलं. छान. पण हरणी गोशाळेत नाही, आमच्या दावणीला आहे. म्हणजे आईनं तिला रोज वैरण घातली, तिचं शेण काढलं, रात्री जागून तिची कालवड जन्माला घातली, तर शून्य रुपये. उद्या परवडत नाही म्हणून तिला सोडून दिलं आणि ती गोशाळेत गेली, तर 50 रुपये. जी सांभाळते तिला काही नाही आणि जिला सोडलं जातं तिच्यासाठी पैसे, या हिशोबाला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

सांभाळणाऱ्या बायका आहेत, हे मी मुद्दाम लिहिते आहे. 2012-13 च्या दुष्काळात म्हसवडला माणदेशी फाउंडेशननं चारा छावणी चालवली, तेव्हा आम्हीही हरणीच्या आईला घेऊन तिथं होतो. मी लहान होते. मला आठवतं ते एवढंच की पालापाशी मुक्कामाला आई होती, आजी होती, शेजारच्या काकू होत्या. पुरुष कामाच्या शोधात बाहेर गेलेले किंवा घर सांभाळायला मागं राहिलेले. तो दुष्काळ आमच्या गाईनं काढला तो बायकांच्या जिवावर. बैलाच्या मालकाचा फेटा बांधून सत्कार होतो. गाईच्या मालकिणीला सत्कार तर सोडाच, तिचं मत विचारायलाही कुणी येत नाही. खोंडाचा सौदा अण्णांशी होतो, आणि कालवड झाल्याचं फोनवर सांगायची वेळ आईवर येते.

आता जरा लांबचं उदाहरण देते. तुमच्यातल्या अनेकांनी 'फ्रोझन' पाहिला असेल. त्यातल्या राजपुत्र हान्सचा पिवळट, उभ्या आयाळीचा घोडा आठवतो? ती नॉर्वेची फ्योर्ड जात. डोंगरउतारावरच्या शेतांत राबणारा, बुटका, काटक घोडा. त्याचीही गोष्ट आपल्यासारखीच सुरू होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याला मोठं आणि जड करायच्या नादात दुसऱ्या जातीशी संकर केला गेला. तो फसला. पाळणाऱ्यांनी संकर बाजूला काढले आणि शुद्ध रक्ताकडं परत फिरले. आजच्या फ्योर्ड घोड्यांची वंशावळ 1891 साली जन्मलेल्या न्योल नावाच्या एका घोड्यापर्यंत जाते. मग तिथंही ट्रॅक्टर आला आणि शेतातलं काम गेलं. पण जात टिकली, कारण दोन गोष्टी झाल्या. एक, नोंदवही ठेवली गेली, आणि तिच्यात नराइतकंच मादीचं नाव आहे. दोन, घोड्याला नवी कामं मिळाली: गाडीला जुंपणं, मुलांना बसवून फिरवणं, आजारी माणसांच्या उपचारात मदत. आणि ही कामं घोडीही करते. गाडीला फ्योर्ड घोडी जुंपलेली दिसली तर तिथं कुणाला नवल वाटत नाही. म्हणून तिथं शिंगी झाली तर कुणी चहा न घेता निघून जाण्याचं कारण नाही.

आपण गाईला जुंपत नाही, आणि जुंपावं असं मी म्हणतही नाही. पण मग तिची किंमत दुसऱ्या कुठल्या तरी वाटेनं तिच्यापर्यंत पोचवायला हवी. ती वाट मैदानातूनच जाऊ शकते, कारण पैसा तिथं आहे. जिथं बक्षिसात थार गाडी ठेवतात, तिथं गाईच्या वैरणीला पैसे नाहीत हे मी ऐकून घेणार नाही.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत.

पहिली: जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला असतो, तो आता सगळ्यांना माहीत आहे. मैदानात नोंद करताना बैलाच्या बिल्ल्याबरोबर त्याच्या आईचा बिल्ला नंबरही द्यायचा. आई माहीत नसेल तर आज पळू द्या, पण पाच वर्षांनी नाही. एवढ्यानं खिल्लारची खरी वंशावळ तयार व्हायला लागेल आणि जवळच्या नात्यात गाय लावणं आपोआप कमी होईल.

दुसरी: बक्षिसातला एक ठरलेला वाटा बैलाच्या आईच्या सध्याच्या मालकाला. दहा टक्के द्या, पाच द्या, पण द्या. ज्या दिवशी गाय विकून टाकल्यावर उद्याचं बक्षीस जाईल अशी भीती वाटेल, त्या दिवशी दादा आईला "कशाला ठेवलीस" असं विचारणार नाही.

तिसरी: दुधाचे दात असलेल्या खोंडांची मैदानं बंद करा. यासाठी न्यायालय नको, यात्रा कमिटीनं ठरवलं तरी पुरे.

चौथी, सरकारला: ते 50 रुपये दावणीच्या गाईलाही द्या, आणि गाय सांभाळणाऱ्या बाईच्या खात्यात द्या.

आणि शेवटची, माईकवाल्या दादांना. एवढंच करा: बैलाचं नाव पुकारलं की त्याच्या आईचंही पुकारा. फुकट आहे. खर्च नाही, परवानगी नको.

मला माहीत आहे, खाली कुणीतरी लिहील की पोरीला यातलं काय कळतंय. मला एवढं कळतं की येत्या दहा वर्षांत माणदेशातल्या गोठ्यांत खिल्लार गाय राहिली नाही, तर त्यानंतरच्या मैदानात तुम्ही काय पळवणार आहात? शेवटच्या बैलाची जुनी रील?

कालवड आता मोठी झाली आहे. तिचं नाव आईनं मैना ठेवलं. आबांच्या सामानातली सगळ्यात छोटी घुंगरमाळ मी चिंचेनं घासून तिच्या गळ्यात बांधली आहे. परवा विसार परत नेणाऱ्या त्याच पोरांतला एकजण रस्त्यात भेटला. विचारत होता, "हरणी परत लावली का? या वेळी खोंड झाला तर सांगा."

मी म्हटलं, "सांगते. पण आधी घरी ये, चहा घे आणि मैनेला बघून जा."

अजून आलेला नाही.